कल्याणचे चार कोरडे दिवस

एके काळी आमच्या कल्याणात भर आषाढातसुद्धा दर महिन्याला चार दिवस पावसाचा थेंब पडत नसे. हे मी म्हणत नाही, सरकारी कागद म्हणतात. ठाण्याला मुसळधार, डोंबिवलीच्या शेतांत गुडघाभर पाणी, मोहन्याला नदी काठ सोडून चाललेली, आणि मधोमध कल्याण मात्र ठणठणीत कोरडं. पाचव्या दिवशी एकदम एवढा मोठा आकडा की वाचणाऱ्याला वाटावं, गावच वाहून गेलं असेल. एका विद्वान गृहस्थांनी या कोड्यापायी आपली झोप घालवली. माझ्यामुळे कुणाची झोप उडावी असं रूप मला देवानं दिलं नव्हतं, त्यामुळे ही एवढी एक गोष्ट मी आजवर जपून ठेवली आहे.

माझे यजमान कल्याणच्या कचेरीत कारकून होते. लहानपणी त्यांना देवी आल्या. त्यांत डावा डोळा गेला आणि उजव्यावर दुधाळ पडदा राहिला. अक्षर मात्र सुरेख. कागद नाकाला लावून ठळक टाकानं लिहायचे, म्हणून कचेरीतले लोक 'हे नाकानं लिहितात' अशी थट्टा करत. हे स्वतःच त्यात सामील होत आणि म्हणत, "शिंक आली की मात्र सही बिघडते." असा माणूस. रागावणं त्यांना जमतच नसे. घरातला रागाचा सगळा वाटा मला एकटीला उचलावा लागे, आणि तो मी चोख उचलत आले.

तर कचेरीच्या मागच्या आवारात पावसाचा डबा होता. डबा आपला साधाच, जस्ताचा. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी आठ वाजता बाटलीत साठलेलं पाणी एका अरुंद काचेच्या नळीत ओतायचं, नळीवरच्या रेघा बघायच्या आणि किती इंच, किती सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, ते तक्त्यात भरायचं. महिना संपला की तक्ता ठाण्याला रवाना. हे काम बघणाऱ्या कारकुनाला आवाराला लागून दोन खोल्या मिळत. जुने कारकून गेले आणि डबा ह्यांच्या वाट्याला आला. आम्ही भाड्याच्या अंधाऱ्या जागेतून त्या दोन खोल्यांत आलो तेव्हा मला राजवाडा मिळाल्यासारखं वाटलं. मागच्या दारातून अंगण, अंगणाला लागून आवार, आणि स्वयंपाकघरात सकाळचं ऊन.

पहिल्या पावसाळ्यातली पहिली मोजणी मी दारातून पाहत होते. रात्रभर कोसळला होता. ह्यांनी नळी नाकाशी धरली, दूर धरली, फिरवली, पुन्हा नाकाशी धरली. मग शांतपणे म्हणाले, "आज फारसा पडला नाही वाटतं." आणि अंगरखा तर भिजून अंगाला चिकटलेला. मला असं हसू फुटलं की हातातलं भांडं पडलं. मग मी त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. त्या नळीवरच्या रेघा केसाएवढ्या बारीक. त्यांना पाणी दिसत नव्हतं, रेघा दिसत नव्हत्या, नुसती काच चकाकताना दिसत होती.

"कचेरीत कळलं तर?" मी विचारलं.

"तर ज्याला दिसतं त्याला देतील. काम आणि खोल्याही," हे म्हणाले. "आणि मग विचारतील, हा बाकीचं तरी काय बघून लिहितो? ते विचारायला लागले की संपलंच सगळं."

मी पदर खोचला, अंगणात उतरले आणि त्यांच्या हातातून नळी घेतली. लग्न झाल्यावर मला अक्षर आणि आकडे ह्यांनीच शिकवले होते, आत्याबाईंची बोलणी खाऊन. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या विधवा आत्या. ह्यांना लहानाचं मोठं त्यांनी केलेलं, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. बायकोला आकडे शिकवून पुढे काय दिवे लावणार, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. त्या सकाळी मी नळी डोळ्यांसमोर धरून आकडा सांगितला, ह्यांनी तो नाकानं लिहिला, आणि आत्याबाई ओसरीवरून नुसत्या बघत राहिल्या. त्यांना एक अक्षर येत नव्हतं, पण भाच्याची भाकरी कशात आहे हे त्यांना पक्कं कळत होतं.

तेव्हापासून रोज सकाळी आमचं हे चालू झालं. आवाराला उंच भिंत होती, शिपाई दहाच्या आत फिरकत नसे, त्यामुळे बघणारं कुणी नव्हतं. मी आकडा सांगायचे, हे लिहायचे. ती सकाळची घटका मला फार आवडे. सासरी दिवसाउजेडी नवऱ्याशी उभं राहून बोलायची सोय नव्हती त्या काळात. सरकारनं आम्हांला ती करून दिली होती. मी कधी मुद्दाम म्हणायचे, "पुन्हा एकदा बघते, रेघ नीट दिसत नाही," आणि हे म्हणायचे, "बघ बाई, सरकारचं काम आहे, घाई नको." दोघांनाही ठाऊक असायचं की रेघ लख्ख दिसते आहे.

आता त्या चार दिवसांकडे येते. तरण्या मुलींना सांगायला नको, आणि पुरुषांनी हे पान उलटलं तरी चालेल. महिन्याचे चार दिवस मला कावळा शिवायचा आणि मी मागच्या पडवीत घोंगडीवर दूर बसायचे. घरातल्या कशाला हात लावायचा नाही, कुणावर सावली पडू द्यायची नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की बाकीच्या घरांत सून कामाला लागे. पण आत्याबाईंचा निवाडा असा की पाऊस म्हणजे वरुणदेवाचं तीर्थ, आणि देवाचं सगळं पाचव्या दिवशी. म्हणजे चार सकाळी नळी बंद.

पहिल्या महिन्यात मी पडवीतून म्हटलं, "तुम्ही लांबून धरा, मी वाचते." हे अंगणाच्या पलीकडे नळी उंच धरून उभे राहिले. एवढ्या लांबून मला नळीच धड दिसेना, रेघा कुठल्या दिसायला! हे एक पाऊल पुढे आले. "तिथेच थांब," ओसरीवरून आत्याबाई. अर्धं पाऊल आले. "विटाळ झाला तर न्हाऊन कचेरीत जायला उशीर होईल, मी सांगून ठेवते." हे नळी घेऊन परत फिरले. शेजारच्या कुणाला वाचायला बोलावलं असतं तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं.

मग ह्यांनी काय करावं? चार दिवसांचे रकाने कोरे ठेवून तक्ता ठाण्याला पाठवला. तो परत आला. वर तांबड्या शाईत शेरा, रकाने कोरे ठेवू नयेत. सरकारचा हुकूम मोडणं ह्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी चारही रकान्यांत शून्य भरलं. बाटलीतलं पाणी मात्र तसंच साठू दिलं. ती भरून बाहेरच्या डब्यात सांडलं तरी सांडू दिलं. पाचव्या दिवशी मी न्हाऊन आले की नळी भरून भरून सगळं मोजायचं आणि एकाच दिवसाच्या नावावर चढवायचं. मी म्हटलं, "अहो, हे खोटं नाही का?" तर म्हणतात, "खोटं कसं? महिन्याची बेरीज बघ. सरकारचा एक थेंब बुडवलेला नाही." हिशेबाच्या माणसाचं मन असंच चालतं. बेरीज जुळली की त्याला गाढ झोप लागते.

मला मात्र त्या शून्यांचा राग यायचा. लग्नाला बरीच वर्षं होऊन माझी कूस उजवलेली नव्हती. आत्याबाई तोंडानं काही बोलत नसत, पण औदुंबराला प्रदक्षिणा घालायला मला न चुकता पाठवत. दर महिन्याला पडवीत घोंगडी पसरायची वेळ आली की मला रडू यायचं, आणि हे अंगणात उभं राहून पावसाबद्दल काहीबाही बोलत बसायचे, माझं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून. असे दोन पावसाळे गेले आणि तिसरा लागला.

त्या आषाढात ठाण्याहून एक अंमलदार आले. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांचे पावसाचे तक्ते त्यांच्याकडे जमा होत. मोठे शिकलेले, पण मनानं अगदी साधे गृहस्थ. ओसरीवर बसले, आत्याबाईंनी पुढे केलेले दडपे पोहे खाल्ले आणि पिशवीतून आमचेच तक्ते काढून मांडीवर पसरले. ह्यांचा चेहरा पांढरा पडलेला मला दाराआडून दिसला.

"घाबरू नका," अंमलदार म्हणाले. "मी चूक काढायला आलो नाही. तुमच्या गावानं मला वेड लावलंय. हे बघा, या चार दिवसांत कोलशेतच्या मिठागरांत पाणी शिरलं. याच चार दिवसांत तुमच्या स्टेशनवरून ठाण्याला तार आली, की रूळ पाण्याखाली आहेत. आणि कल्याणचा पाऊस शून्य! मला आधी वाटलं, हा कारकून झोपा काढतो. पण झोपाळू माणूस कधीही झोपतो. तुमचे कोरडे दिवस दर खेपेला बरोबर तेवढ्याच अंतरानं येतात. एखादा दिवस मागेपुढे, बस."

दाराआड मी बोटं मोजत हिशेब करत होते आणि माझे कान गरम होत होते.

"आणि ते अंतर कोणतं, ठाऊक आहे?" अंमलदार ओसरीच्या कडेला येऊन बसले. "चंद्राचं! दर खेपेला चंद्र हस्त नक्षत्रात आला की कल्याणचा पाऊस थांबतो आणि चंद्र पुढे सरकला की कोसळतो. समुद्राच्या भरतीला चंद्र ओढतो, तर ढगांना का ओढू नये? खाडी इथं अशी वळते, मागे हाजीमलंगाचा डोंगर... काहीतरी आहे. मी पंचांग मांडून बघितलं. पुढचे कोरडे दिवस नागपंचमीला सुरू होतात. मी त्या दिवशी इथं येणार आणि माझ्या डोळ्यांनी बघणार. मी शेजारी उभा राहीन, तुम्ही रोजच्यासारखं मोजायचं."

परका पुरुष आमच्याच ओसरीवर बसून, आमचेच पोहे खात, माझे पुढचे दिवस मोठ्यानं सांगत होता, आणि माझ्यापेक्षा बिनचूक सांगत होता! धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. आत्याबाईंना चंद्र, नक्षत्र काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "नागपंचमीला या हो नक्की, पातोळ्या करू." मला हसावं की रडावं कळेना. ते गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला तयार नव्हतो, आणि बघितलं तेव्हा दोघांनाही एकदम हसू आलं. पण ते हसू फार टिकलं नाही. नागपंचमीला मी पडवीत असणार, आणि हे त्या अंमलदारापुढे नळी धरून उभे राहणार.

पुढचे दिवस आम्ही ह्यांना नळी शिकवण्यात घालवले. पाण्यात कुंकू कालवलं, म्हणजे लाल तरी दिसेल. लाल दिसलं, पण रेघा दिसेनात. नळीमागे काळं फडकं धरलं. मग बोटानं पाण्याची उंची चाचपून पाहिली. एकदा हे म्हणाले, "आता नक्की सांगतो, दोन इंच." मी नळी रिकामीच दिली होती, पारखायला म्हणून. मला माझाच इतका राग आला! मी म्हटलं, "चला, माझ्या माहेरी जाऊ. खोपटाला भावाची जमीन आहे, तिथं काहीतरी होईल." हे नळी पुसत म्हणाले, "जाऊ. पण आधी त्यांना येऊ दे. पळून गेलो तर तू मोजलेलं सगळंच खोटं ठरेल." तोवर मला वाटत होतं की त्यांना नोकरीची भीती आहे. त्यांना माझ्या आकड्यांची काळजी होती. त्या क्षणी मला हा माणूस इतका आवडला की मी उठून चुलीपाशी गेले, नाहीतर दिवसाढवळ्या काय केलं असतं कोण जाणे.

नागपंचमी आली. सकाळपासून धो धो पाऊस. मोहन्याची दूधवाली डोक्यावर इरलं घेऊन आली आणि म्हणाली, "बाय, आज नागोबा पन पोहत असल." मी तिच्याकडून दूध घेतलं, आत जाऊन चुलीवर ठेवलं, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज मी पडवीत नाही. म्हटलं, असेल, एखादा दिवस मागेपुढे. अंमलदार आले. त्यांना एवढी घाई झालेली की त्यांनी नळी स्वतःच घेतली, स्वतःच मोजलं आणि कपाळाला आठी घातली. "उद्या बघू," म्हणाले. दुपारी पातोळ्या उकडत होत्या. हळदीच्या पानाचा तो वास मला जिवापाड आवडतो, पण त्या दिवशी तो नाकात गेला आणि मी मागच्या दारी धावले. आत्याबाई नागाच्या पूजेत होत्या, त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशीही पाऊस. अंमलदारांनी पुन्हा स्वतः मोजलं आणि कचेरीच्या धर्मशाळेकडे निघून गेले. मला त्यांची खरंच दया आली. चंद्रानं फसवलं असं वाटून हिरमुसलेला मोठा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवशी मी वारंवार पडवीकडे बघत होते आणि मनात जे येत होतं ते शब्दांत येऊ देत नव्हते. दृष्ट लागेल म्हणून ह्यांनाही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावसाची सर ओसरून रिपरिप चालू होती. अंमलदारांनी बाटलीतलं पाणी नळीत ओतलं आणि नळी ह्यांच्यापुढे धरली. "आज तुम्हीच वाचा. माझं लक्ष नाही."

ह्यांनी नळी घेतली. नाकाशी नेली. खाली आणली. मी मागच्या दारात दाराची कडी घट्ट धरून उभी होते. मला वाटलं, काहीतरी आकडा ठोकून देतील आणि जुळला तर जुळला. पण ह्यांनी नळी अंमलदारांच्या हातात परत दिली.

"रावसाहेब, मला दिसत नाही," हे म्हणाले. "कधीच दिसलं नाही. तीन पावसाळे माझी बायको मोजते आणि मी लिहितो. आकडे तिचे आहेत आणि सगळे खरे आहेत. शून्यं तेवढी माझी."

"बायको मोजते?" अंमलदार गोंधळले. "मग दर महिन्याला ते चार दिवस..."

आणि ते मध्येच थांबले. ते संसारी गृहस्थ होते. त्यांच्या घरीही पडवी असणार. त्यांच्या चेहऱ्यावर समज उतरत गेली तसतसा तो लाल होत गेला. काखेतली तक्त्यांची गुंडाळी त्यांनी उपरण्याखाली लपवली, जणू आमच्या घरातली एखादी खाजगी वस्तू त्यांच्या हाती चुकून लागली होती. पण माणूस अभ्यासू! डोक्यात कोडं होतं, ते त्यांना गप्प बसू देईना. त्यांनी भाबडेपणानं, अगदी सहज विचारलं:

"पण मग या महिन्यात कोरडे दिवस का आले नाहीत?"

विचारल्यावर त्यांनी जीभ चावली. तोपर्यंत हे वळले होते. ह्यांना एवढ्या लांबून मी धड दिसतही नसणार, दारात उभी असलेली एक हिरवी आकृती तेवढी. पण ती आकृती दारात होती, पडवीत नव्हती, आणि आज तिसरा दिवस होता. "अगं?" हे म्हणाले. तेवढंच. मी तोंडाला पदर लावला आणि मान हलवली. मान त्यांना दिसली की नाही कोण जाणे, पण हे ओल्या पायरीवर मटकन बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून लहान मुलासारखे रडू लागले. आत्याबाई ओसरीवरून ओरडल्या, "काय झालं रे? नोकरी गेली का?"

अंमलदारांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते अंगण ओलांडून आले, दारापासून चार हात दूर थांबले आणि खाली बघत नळी माझ्यापुढे धरली. "बाई, आजचा आकडा सांगा."

परक्या पुरुषाशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. मी नळी हातात घेतली. डोळ्यांत पाणी इतकं साठलेलं की त्या घडीला मला काच आणि पाणी वेगळं कळेना. "घाई नाही," ते म्हणाले. "सरकारचं काम आहे, सावकाश बघा." मी डोळे पुसले, नळी उजेडात धरली आणि आकडा सांगितला. त्यांनी तो तक्त्यात स्वतःच्या हातानं भरला आणि खाली सही केली.

मग ते ह्यांच्याकडे वळले. "कुणाच्या डोळ्यांनी मोजावं असा सरकारचा काही हुकूम नाही. निदान मी तरी वाचलेला नाही. तुम्ही आहात तिथंच राहा. फक्त पुढे कधी तसे दिवस आले, तर शून्य लिहू नका. रकाना कोरा ठेवा. तक्ता परत येणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

हे पायरीवरून उठले. धोतर चिखलानं माखलेलं, डोळे सुजलेले, आणि जन्मात कधी कुणा वरिष्ठापुढे मान वर न करणारा तो माणूस तोंडभर हसत म्हणाला, "रावसाहेब, आता या पावसाळ्यात एकही रकाना कोरा राहायचा नाही."